पितळ, पोलाद आणि हस्तिदंत: पूलच्या क्यूचा जोड

१९८६ सालच्या ‘द कलर ऑफ मनी’ या चित्रपटात पॉल न्यूमन एक लांबट पेटी टॉम क्रूझच्या हाती देतो. पेटीत असते बालाबुश्का. पूल खेळणाऱ्याला एवढं नाव पुरतं, पुढचं सांगावं लागत नाही. मार्टिन स्कॉर्सेसीच्या या चित्रपटाने न्यूमनला ऑस्कर मिळवून दिलं आणि पूल टेबलाकडे कधी न फिरकलेल्यांच्याही तोंडी बालाबुश्काचं नाव घातलं. पडद्यावरची क्यू, म्हणजे पूल खेळायची काठी, मात्र बालाबुश्काच्या हातची नव्हतीच. एवढी मोलाची वस्तू चित्रीकरणात मोडली तर काय घ्या, म्हणून मेरीलँडमधल्या जॉस कंपनीची, तशाच घाटाची एक क्यू वापरली गेली. बुंध्यावर लाकडाची टोकदार नक्षी, मुठीला लिननचा दोरा आणि बरोबर मध्यावर स्टेनलेस स्टीलचं चकचकीत कडं. पाहणाऱ्यांना बालाबुश्का ओळखू यायला इतकी सामग्री पुरली.

ते कडं म्हणजे क्यूचा जोड. त्याच्यावरून अमेरिकेतल्या पूल हॉलमध्ये गेली साठ-पासष्ट वर्षं वाद चालू आहेत. पोलादी जोडाची क्यू कडक लागते, हस्तिदंताची मऊ पण स्पष्ट लागते, लाकडाला लाकूड भिडलं की बॉल थेट तळहातात जाणवतो, प्लॅस्टिकचा जोड म्हणजे नुसता भुसा. ज्याला जे आवडतं तो ते शपथेवर सांगतो. यातलं खरं किती आणि मानण्यावर किती, हे पाहायचं तर हा जोड कुठून आला ते आधी पाहायला हवं.

पूलची क्यू साधारण ५८ इंच, म्हणजे १४७ सेंटिमीटर लांब असते आणि तिचं वजन ५१० ते ६०० ग्रॅमच्या आसपास भरतं. हॉलच्या भिंतीवर टांगलेल्या, येईल त्याने उचलाव्यात अशा क्यू एकसंध असतात. खेळाडूची स्वतःची क्यू दोन तुकड्यांची. मागचा जाड भाग तो बुंधा, पुढचा निमुळता मेपलचा भाग तो शाफ्ट. शाफ्टच्या टोकाला चामड्याची टिप. दोन्ही भाग साधारण २९-२९ इंचांचे असतात आणि बुंध्यातून वर आलेल्या पिनवर शाफ्ट फिरवून बसवतात. मूळ कारण अगदीच व्यवहारी होतं. दीड मीटरची काठी घेऊन आगगाडीने गावोगाव फिरणं अवघड, आणि एकोणिसाव्या शतकातले नामवंत खेळाडू तर सामने आणि प्रदर्शनं करत सतत फिरतीवर असत. म्हणजे जोड आला तो प्रवासाच्या सोयीसाठी. हाताला काय जाणवतं याची चर्चा मागाहून सुरू झाली.

त्या काळात या धंद्यावर ब्रन्सविक कंपनीचं राज्य होतं. जॉन मोझेस ब्रन्सविक या स्वित्झर्लंडमधून आलेल्या सुताराने १८४५ साली सिनसिनाटीत बिलियर्ड टेबलं बनवायला सुरुवात केली. पुढे प्रतिस्पर्धी कंपन्या एकत्र येत गेल्या आणि १८८४ मध्ये ब्रन्सविक-बाल्के-कोलेंडर अशी लांबलचक नावाची कंपनी उभी राहिली. टेबल त्यांचं, बॉल त्यांचे, क्यूही त्यांच्याच. या कारखान्याच्या क्यूंना पितळी जोड असे. पितळ लेथवर लोण्यासारखं कापलं जातं, आटे स्वच्छ पडतात, गंज चढत नाही. दोष एवढाच, की घामाने काळं पडतं आणि हाताला वास सोडतं.

हर्मन रॅम्बो याच मुशीतून आला. शिकागोचा हा कारागीर पासष्टहून अधिक वर्षं क्यू बनवत राहिला आणि १९६७ मध्ये ८६व्या वर्षी वारला. त्याच्या गिऱ्हाइकांच्या यादीत विली हॉप आणि विली मॉस्कोनी ही दोन्ही नावं होती. हॉपने १९०६ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, पॅरिसमध्ये जाऊन फ्रान्सच्या मॉरिस व्हिन्योला हरवलं होतं. मॉस्कोनीने १९५४ मध्ये ओहायोतल्या स्प्रिंगफील्डला एकही न चुकवता ५२६ बॉल पॉकेटमध्ये घातले. अशा माणसांच्या हातात रॅम्बोच्या क्यू होत्या. आणि रॅम्बोची ख्याती कशासाठी? नक्षीसाठी नव्हे. जोडातला स्क्रू लाकडात खोल बसवून क्यूचा तोल साधण्याची त्याची एक हातोटी होती, तिच्यासाठी. जोड म्हणजे नुसती खिट्टी नसून योग्य जागी ठेवलेलं वजन आहे, हे ज्यांना आधी कळलं त्यांतला हा एक.

ज्याच्या नावाने चित्रपटातली ती क्यू ओळखली जाते त्या ग्रिगोरी बालाबुश्काचा जन्म १९१२ सालचा, रशियातला. १९२४ मध्ये घरच्यांबरोबर तो अमेरिकेला आला, जॉर्ज झाला, आणि सुतारकाम, खेळणी, फर्निचर असं करत न्यूयॉर्कमध्ये स्थिरावला. १९५९ साली एका मित्राबरोबर भागीदारीत त्याने ब्रुकलिनमध्ये पूल हॉल घेतला. तिथल्या क्यू दुरुस्त करता करता नव्या घडवायला लागला, आणि पहिल्या काही तर मित्रांना नाताळची भेट म्हणून वाटल्या. १९७५ मध्ये तो गेला तोवर हजार-बाराशे क्यू त्याच्या हातून झाल्या होत्या. सोळा वर्षांत एवढ्याच. आज त्यांतली एखादी विकायला निघाली की मोटारीच्या भावात जाते.

सुरुवातीला त्याने काय केलं ते पाहण्यासारखं आहे. ब्रन्सविकची ‘टायटलिस्ट’ नावाची एकसंध हॉल-क्यू मिळत असे. गडद लाकडाचा बुंधा आणि पांढरा मेपल एकमेकांत लांब सुळक्यांनी गुंतवलेला. बालाबुश्काप्रमाणेच त्या वेळचे बरेच कारागीर ही धडधाकट क्यू घेत आणि करवतीने मधोमध कापत. मग कापलेलं तोंड लेथवर सपाट करायचं, बरोबर मध्यात भोक पाडायचं, बुंध्याच्या तोंडावर पोलादी कॉलर चढवायची, पिन चिकटवायची, शाफ्टच्या बुडात पितळी आट्यांची नळी बसवायची. भोक केसाएवढं जरी तिरकं गेलं तरी जोडल्यावर क्यू टेबलावर लोळवताना जोड उड्या मारतो. खेळाडू आजही नवी क्यू हाती आली की आधी टेबलावर लोळवून बघतात, ते याचसाठी.

बालाबुश्काच्या बहुतेक क्यूंचा जोड स्टेनलेस स्टीलचा. पिन ५/१६ इंच जाडीची, इंचाला १४ आटे. शाफ्टच्या बुडातून एक छोटा गोल उंचवटा बाहेर आलेला असतो. पितळी डब्याचं झाकण आतल्या कडेवर घट्ट बसावं तसा तो बुंध्याच्या पोलादी कॉलरमध्ये शिरतो. या रचनेत शाफ्टचा खांदा कॉलरच्या कडेवर टेकतो. मधल्या भागात लाकडाला लाकूड फारसं भिडतच नाही, म्हणजे धक्का जातो तो बाहेरच्या धातूच्या कडेतून आणि आतल्या पिनमधून. फटका मारला की एक बारीक, धारदार ‘टिंग’ ऐकू येते. न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया, बाल्टिमोर या पट्ट्यातल्या खेळाडूंच्या कानात ती बसली. १९६८ मध्ये डॅन जेन्स आणि बिल स्ट्राउड यांनी जॉस काढली तेव्हा त्यांनीही पोलादच घेतलं. चांगली क्यू म्हणजे पोलादी जोड, हे समीकरण असं पक्कं झालं. त्यात धातूचा गुण किती आणि एका मोठ्या कारागिराचा दरारा किती, हे वेगळं करता येणार नाही. दरारा निम्म्याहून जास्त असावा.

बालाबुश्काला सुळके जोडलेले तयार बुंधे पुरवणाऱ्यांत शिकागोचा बर्टन स्पेन होता, तसा पेनसिल्व्हेनियाचा गस झॅम्बोटीही. झॅम्बोटी पुढे स्वतःच मोठा कारागीर झाला आणि त्याच्या हस्तिदंती जोडाच्या क्यू संग्राहकांच्या देवघरात जाऊन बसल्या. हस्तिदंताची घनता पाण्याच्या पावणेदोन ते दोन पटींच्या दरम्यान. पोलादाची जवळजवळ आठ पट, मेपलची पाण्याहून कमी. म्हणजे हस्तिदंती कॉलर दिसायला दणकट आणि वजनाला किरकोळ. तिचा आवाज पोलादासारखा टणटणत नाही, भरीव येतो. बिलियर्डच्या खेळाला हत्तीच्या दाताशी जुनी सोयरीक होतीच. एकोणिसाव्या शतकात बॉलच हस्तिदंताचे असत, आणि पर्याय शोधणाऱ्याला दहा हजार डॉलरचं बक्षीस जाहीर झाल्यावर जॉन वेस्ली हयात सेल्युलॉइडच्या मागे लागला. बॉल बदलले, पण शंभर वर्षांनीही उंची क्यूच्या जोडात आणि नक्षीत दात टिकून राहिला.

हस्तिदंत तसा भलताच मानी. हवेतल्या दमटपणाने फुगतो, कोरड्या थंडीत आकसतो, आणि आतलं लाकूड वेगळ्या चालीने हललं की कॉलरला बारीक चीर जाते. त्यावर कायद्याचा फास आला. आफ्रिकी हत्तीला साइट्स करारात सर्वोच्च संरक्षण देण्याचा निर्णय १९८९ मध्ये झाला आणि १९९० पासून आंतरराष्ट्रीय व्यापार बंद पडला. भारताने देशांतर्गत हस्तिदंत-व्यापारावर १९८६ मध्येच बंदी आणली होती, १९९१ मध्ये आफ्रिकी हस्तिदंतही तिच्या कक्षेत आला. अमेरिकेत जुलै २०१६ पासून जवळजवळ संपूर्ण बंदी आहे. जुन्या, आधीच देशात असलेल्या वस्तूत दोनशे ग्रॅमहून कमी हस्तिदंत असेल तर काही अटींवर संघराज्याच्या कायद्याने सूट मिळते, आणि क्यूच्या जोडात त्याहून कितीतरी कमी दात असतो. पण न्यूयॉर्क, न्यू जर्सी, कॅलिफोर्निया यांचे आपापले कडक कायदे आहेत. त्यामुळे एखादी झॅम्बोटी एका राज्यात रीतसर विकता येते, तर शेजारच्या राज्यात तिच्यापायी कायद्याचं झेंगट मागे लागतं. नव्या क्यूंमध्ये आता हस्तिदंतासारखी दिसणारी राळ वापरतात. पांढरी, गुळगुळीत, आणि फारशी तक्रार न करणारी.

पोलादाच्या राज्याला खरा धक्का पश्चिमेकडून बसला. जेरी फ्रँकलिनने १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला लास वेगासमध्ये ‘साउथवेस्ट’ क्यू बनवायला घेतल्या. विचार डेव्हिड केर्सेनब्रॉक या कारागिराच्या पद्धतीतून आलेला. पिन ३/८ इंच जाड, इंचाला ११ आटे, आणि दोन्ही तोंडं सपाट. उंचवटा नाही, खोबण नाही. लाकडावर लाकूड पूर्ण टेकतं, बाहेरून फेनॉलिकची पातळ कॉलर असते ती फक्त कड फुटू नये म्हणून. फेनॉलिक म्हणजे राळेत भिजवून दाबलेलं कापड किंवा कागद, जुन्या विजेच्या स्विचबोर्डांत असे त्याच जातीचं. पोलादाच्या पाचव्या-सहाव्या भागाइतकंच वजन. फ्रँकलिन १९९६ मध्ये अकाली गेला, पत्नी लॉरी यांनी काम चालू ठेवलं, आणि साउथवेस्टसाठी वर्षानुवर्षं रांगेत थांबणारे लोक आजही आहेत. विस्कॉन्सिनच्या मॅकडर्मॉटनेही ३/८ इंची, दहा आट्यांची पिन आणि लाकडाला लाकूड हीच वाट धरली. मिसिसिपीचा बॉब म्यूची मात्र तिसरीकडेच गेला. त्याने प्लॅस्टिकचा जोड आणि लवचीक शाफ्ट घेऊन मुद्दाम मऊ लागणारी क्यू बनवली, आणि ऐंशीच्या दशकात ती इतकी खपली की भुसा म्हणून हसणाऱ्यांना काही काळ गप्प बसावं लागलं.

आता विज्ञान काय सांगतं ते. टिप आणि बॉल एकमेकांना चिकटून असतात तो वेळ सेकंदाचा साधारण हजारावा भाग. हाताच्या बोटांपासून मेंदूपर्यंत स्पर्शाची वर्दी पोचायला त्याच्या कैक पट वेळ लागतो. म्हणजे ‘हिट’ जाणवते तेव्हा बॉल केव्हाच निघून गेलेला असतो. खेळाडूला जे कळतं तो झाल्या गोष्टीचा निरोप असतो, आणि त्यावरून या फटक्यात काही बदल करणं शक्य नसतं.

दुसरी गोष्ट आडव्या धक्क्याची. बॉलला बाजूने फिरकी देताना तो नेम सोडून किंचित भलतीकडे जातो. हे किती होतं ते शाफ्टच्या पुढच्या टोकाच्या वजनावर ठरतं, कारण त्या हजाराव्या भागात आडवी लहर टिपपासून वीतभरच मागे पोचलेली असते. जोड टिपपासून ७४ सेंटिमीटर दूर. तिथे पोलाद असो की सोनं, बॉलला त्याचा पत्ताच लागत नाही. १९९०च्या दशकात फ्लॉरिडातल्या प्रिडेटर कंपनीने ‘आयर्न विली’ नावाचं यंत्र उभारून नेमके एकसारखे फटके मारून पाहिले आणि मग शाफ्टच्या टोकातलं लाकूड पोकळ करून वजन घटवलं. त्यांचा ‘३१४’ शाफ्ट दहा पाचरी चिकटवून केलेला होता. सुधारणा झाली ती सगळी टिपच्या बाजूला. जोडाच्या बाजूला कोणी हात लावला नाही, कारण तिथे या कामापुरतं काही मिळण्यासारखं नव्हतं.

मग जोडाने काहीच फरक पडत नाही का? पडतो, पण तो दुसरीकडे. समजा क्यू ५४० ग्रॅमची आहे आणि बुंध्याच्या शेवटापासून ४७ सेंटिमीटरवर बोटावर तोलली जाते. तिच्या मध्याजवळ, म्हणजे ७४ सेंटिमीटरवर, धातूचं तीस ग्रॅम जादा वजन आलं तर तोलाचा बिंदू जवळजवळ दीड सेंटिमीटर पुढे सरकतो. दीड सेंटिमीटर ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण रोज चार तास तीच काठी मागेपुढे करणाऱ्या हाताला ते पहिल्याच फटक्यात कळतं. पुढच्या हातावर भार वाढतो, क्यू टेबलाला धरून सरळ चालल्यासारखी वाटते. रॅम्बोने हेच ओळखलं होतं.

आणि उरतो आवाज. धातू, दात, राळ, लाकूड यांची कंपनं वेगवेगळी आणि ती विरायला लागणारा वेळही वेगळा. टिप कडक की मऊ, ताजी की दबलेली, याचा आवाजावर होणारा परिणाम जोडापेक्षा मोठा असतो, हे खेळाडू कबूल करत नाहीत. पण जोडाचाही वाटा असतोच. कान ऐकतो आणि हाताला वाटतं की आपल्याला जाणवलं. याला भ्रम म्हणून उडवून लावणं चूक ठरेल. ज्याला आपल्या क्यूचा आवाज ओळखीचा आहे त्याला चुकलेला फटकाही आवाजावरून उमगतो, आणि पुढचा फटका तो त्या हिशोबाने मारतो.

अटलांटिकच्या अलीकडे हा सगळा वाद वेगळ्या रूपात दिसतो. युरोपातल्या कॅरम बिलियर्डमध्ये, जिथे टेबलाला पॉकेटंच नसतात आणि बॉल पूलच्या बॉलपेक्षा मोठे व जड असतात, तिथल्या क्यूंमध्ये जाड लाकडी आट्यांचा जोड परंपरेने चालत आलेला आहे. धातू जवळजवळ नाहीच. इंग्लंडमध्ये तर कित्येक वर्षं जोडालाच विरोध होता. बिलियर्ड आणि स्नूकरच्या जुन्या खेळाडूंची क्यू अॅशच्या लाकडाची, एकसंध, आणि ती ठेवायला पत्र्याची लांब नळी. जोड आला तेव्हा तो अमेरिकेसारखा मध्यावर न ठेवता बराचसा मागे, मुठीच्या जवळ नेला, म्हणजे पुढचं पाऊण लाकूड अखंड राहतं. कॉलर मात्र पितळेचीच ठेवली. अमेरिकेने टाकलेलं पितळ ब्रिटिशांनी आजवर सोडलेलं नाही.

आपल्याकडे खेळ आला तो याच ब्रिटिश वाटेने. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ साली कोलकात्यात बिलियर्डचे जागतिक हौशी विजेते झाले, मुंबईच्या मायकल फरेरांनी तो किताब पुढे अनेकदा आणला, आणि पुण्यातच जन्मलेल्या पंकज अडवाणीने स्नूकरही त्यात मिळवलं. त्यामुळे जिमखान्यांतल्या कपाटात आढळतात त्या पितळी जोडाच्या अॅशच्या क्यू. अमेरिकन पूल टेबलं मोठ्या संख्येने आली ती मॉल आणि पूल पार्लरच्या जमान्यात, नव्वदच्या दशकानंतर. पोलाद की लाकूड हा वाद आता त्या पार्लरांमध्ये ऐकू येतो, आणि तिथे दमट हवेत फुगलेल्या लाकडी आट्यांचा एक जादा मुद्दा असतो, जो लास वेगासच्या वाळवंटात कोणाला सुचला नसता.

अलीकडे वादाचं टोक वळलं आहे ते बाजारामुळे. २०१६ मध्ये प्रिडेटरने कार्बन फायबरचा ‘रेव्हो’ शाफ्ट आणला, मग बाकीच्यांनीही आणले. हे शाफ्ट सुटे विकले जातात आणि आपल्या जुन्या बुंध्यावर चढवायचे असतात. त्यामुळे पिनचा प्रकार हा आता हाताच्या आवडीचा प्रश्न उरला नाही. प्रिडेटरची दोन-चार वळशांत बसणारी युनि-लॉक, जाड गोलसर आट्यांची रेडियल, मॅकडर्मॉटची ३/८ इंची दहा आट्यांची, बालाबुश्काच्या वेळची ५/१६ इंची चौदा आट्यांची, आणि तिचीच अठरा आट्यांची बहीण, अशी यादी दुकानदार आधी समोर ठेवतो. कारागिरांनाही हे कळलं आहे. पूर्वी जो आपल्या खास आट्यांचा अभिमान मिरवायचा, तोही आता ‘कोणता शाफ्ट चढवणार आहात?’ असं विचारून मगच बुंध्याला भोक पाडतो. कॉलर कशाची हवी, हे त्यानंतर ठरतं.